ट्रोलिंग : कयाकमागे दोरी सोडून समुद्रातले मासे कसे पकडतात?

सोशल मीडियावर ‘ट्रोलिंग’ म्हटलं की टोमणे, शिवीगाळ आणि कमेंटमधली टोळधाड आठवते. मासेमारीत मात्र हा शब्द इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून आहे. चालत्या होडीमागे पाण्यातून आमिष ओढत न्यायचं आणि एखादा मासा त्यावर झडप घालतो का ते पाहायचं, याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. १९९०च्या दशकात इंटरनेटवरच्या चर्चागटांतले जुने सदस्य नवख्यांना चिडवण्यासाठी मुद्दाम बावळट प्रश्न टाकायचे आणि कोण गळाला लागतंय याची वाट पाहायचे. या खेळाला मासेमारीतला शब्द चिकटला, असं मानलं जातं. दंतकथांमधल्या ‘ट्रोल’ नावाच्या राक्षसाशी त्याची सांगड नंतर बसली.

मासेमारीतल्या ट्रोलिंगचं सगळ्यात साधं रूप म्हणजे एक कयाक, हातात धरायची एक दोरी, शिशाचं वजन आणि दोन-तीन गळ. इंजिन नाही, रॉड नाही, रीळ नाही. खर्च कमी, शिकायला सोपं. पण या दोरीच्या एका टोकाला मासा किंवा खडक असतो आणि दुसऱ्या टोकाला सहज कलंडणारी होडी. त्यामुळे मासा मिळेल की नाही हे आमिषाचा वेग आणि खोली ठरवते, तर माणूस सुखरूप परतेल की नाही हे बऱ्याच अंशी दोरी कुठे आणि कशी अडकवली आहे यावर ठरतं.

ट्रोलिंग आणि ट्रॉलिंग एकच का?

नाही. मराठीत दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच ऐकू येतात, म्हणून गोंधळ होतो. ट्रॉलिंग म्हणजे ट्रॉलरने पिशवीसारखं मोठं जाळं ओढणं. तळाशी ओढलेलं ट्रॉल जाळं वाटेत येईल ते गोळा करतं, त्यात पिल्लंही येतात आणि नको असलेले जीवही. कोकणात ट्रॉलर आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात वाद होतात ते याच जाळ्यावरून.

ट्रोलिंगमध्ये जाळं नसतं. दोरीला गळ असतात आणि एका वेळी एक-दोन, फार तर गळांच्या संख्येइतकेच मासे येतात. लहान मासा आला तर तो जिवंत असतानाच सोडून देता येतो. तळ खरवडला जात नाही.

हा फरक किती मोठा आहे ते इंग्लंडच्या नैऋत्य टोकावरच्या कॉर्नवॉलमध्ये दिसलं. तिथले मच्छीमार छोट्या होड्यांतून हँडलाइनने, म्हणजे हातात धरायच्या दोरीने, मॅकरेल पकडत आले आहेत. हा मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा अटलांटिकमधला भाऊबंद. १९७०च्या दशकात मोठे ट्रॉलर आणि पर्ससीन जहाजं तिथे उतरली आणि मासा प्रचंड प्रमाणात उपसला जाऊ लागला. अखेर १९८०च्या दशकात पिल्लांचं रक्षण करण्यासाठी ‘मॅकरेल बॉक्स’ नावाचं संरक्षित क्षेत्र ठरवलं गेलं. त्या भागात ट्रॉल आणि पर्ससीनने मॅकरेलची लक्ष्य मासेमारी करायला बंदी आली. हँडलाइनला मात्र मुभा राहिली.

त्यासाठी कयाकच का?

साधारण प्रकृतीचा माणूस शांत पाण्यात कयाक ताशी पाच-साडेपाच किलोमीटर वेगाने वल्हवू शकतो. इंजिनाच्या होडीपुढे हा वेग काहीच नाही. पण मॅकरेलसारख्या माशांसाठी आमिष ताशी तीन ते पाच किलोमीटर वेगाने ओढलेलं चांगलं. इंजिनाच्या होडीला इतकं हळू जायला गती मुद्दाम मारावी लागते, कयाकला तो वेग आपसूक जमतो. म्हणजे एरवी जी उणीव वाटते, तीच इथे उपयोगी पडते.

दुसरा फायदा वल्ह्याच्या लयीचा. प्रत्येक वल्ह्यासरशी कयाक किंचित पुढे झेपावते आणि पुन्हा मंदावते. त्याबरोबर आमिषही पुढे सरकतं, थोडं वर येतं, पुन्हा खाली जातं. जखमी किंवा घाबरलेला छोटा मासा असाच अडखळत पोहतो, आणि शिकारी मासे असा मासा हेरूनच झडप घालतात.

तिसरा फायदा म्हणजे कयाकला पाणी फारसं खोल लागत नाही आणि तिचा आवाज होत नाही. खडकांच्या कडेने, जिथे मोठी होडी नेणं धोक्याचं असतं, तिथून ती जाऊ शकते. मासेमारीसाठी बहुतेक जण वर बसायची, पाणी आपोआप निथळणारी कयाक पसंत करतात. उलटली तरी ती सरळ करून पुन्हा चढता येतं.

मर्यादाही आहेत. कुपा म्हणजे ट्यूनासारख्या माशांसाठी बऱ्याचदा ताशी १० किलोमीटरहून जास्त वेगाने आमिष ओढतात. वल्ह्यावर तो वेग टिकत नाही.

साहित्य काय लागतं?

• दोरी : ३० ते ५० मीटर पुरते. जाड तंगूस किंवा विणलेली जाडसर दोरी चांगली. इथे जाडी हवी ती ताकदीपेक्षा हातांसाठी. बारीक दोरी ताणाखाली बोटांत सुरीसारखी रुतते.

• चौकट : दोरी गुंडाळण्यासाठी लाकडाची किंवा प्लास्टिकची चौकट. ती पाण्यावर तरंगणारी असावी.

• वजन : १०० ते २५० ग्रॅमचं शिसं. पाणी खोल किंवा वेग जास्त असेल तर वजन वाढवावं लागतं.

• फिरकी कडी : हिला स्विव्हल म्हणतात. आमिष पाण्यात गरगर फिरलं तर दोरीला पीळ पडतो आणि तिचा गुंता होतो. ही कडी स्वतः फिरते आणि पीळ दोरीपर्यंत पोहोचू देत नाही.

• आमिष : खरं आमिष लागतंच असं नाही. गळाला बांधलेली रंगीत किंवा पांढरी पिसं, चकचकीत धातूची पट्टी, चमच्यासारखा वाकवलेला पत्रा, रबरी मासोळी, यांपैकी काहीही चालतं. मासा आमिष डोळ्यांनी पाहतो, शिवाय पाण्यातली थरथर अंगावरच्या पार्श्वरेषेने टिपतो. त्यामुळे आमिष दिसतं कसं याइतकंच ते हलतं कसं हेही महत्त्वाचं.

दुकानात एका दोरीवर सहा-सहा गळांच्या तयार माळा मिळतात. कयाकवर त्या टाळाव्यात. बसायला जेमतेम जागा, मांडीवर तडफडणारा मासा आणि मोकळे लटकणारे चार-पाच गळ, यात पुढचा गळ माणसाच्या हातात रुतायला वेळ लागत नाही. नवख्याने एक किंवा दोन गळांवर सुरुवात करावी. गळाच्या टोकाजवळचा उलटा दात पकडीने दाबून सपाट केला तर गळ माशाच्या तोंडातून सहज निघतो, आणि वेळ आलीच तर माणसाच्या बोटातूनही.

आमिष किती खोल जातं?

नवख्यांना बहुतेक वेळा इथेच चकवा बसतो. २० मीटर दोरी सोडली म्हणजे आमिष २० मीटर खोल गेलं, असं नसतं. होडी पुढे जाते तसं पाणी दोरीला मागे रेटतं आणि ती तिरकी होते.

ढोबळ हिशेब असा. दोरी पाण्याच्या पृष्ठभागाशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर खोली सोडलेल्या दोरीच्या निम्मी भरते. म्हणजे २० मीटरला १० मीटर. कोन १५ अंशांवर आला की खोली जेमतेम पाव उरते, म्हणजे पाच मीटर. मासा आठ-दहा मीटरवर असेल तर जोरात वल्हवणारा त्याच्या डोक्यावरून आमिष नेत राहतो. अशा वेळी वेग कमी करणं, वजन वाढवणं किंवा दोरी आणखी सोडणं, हे तीनच उपाय.

चौथा उपाय म्हणजे पॅराव्हेन. ही प्लास्टिकची छोटी तिरकी फळी दोरीत बांधतात. ओढली की ती पाण्याच्या दाबाने खाली डुबकी घेते आणि शिसं न वापरता आमिष खोल नेते. मासा लागला की तिचा तोल बदलतो आणि ती पलटी खाऊन वर येते. मागे फळी पाण्यावर दिसली की मासा लागला असं समजायचं.

वळण घेतानाही लक्ष ठेवावं. वळताना दोरी सैल पडते आणि आमिष खाली बसतं, पुन्हा सरळ जाऊ लागलं की ते वर उठतं. मासा नेमका वळणावरच लागत असेल तर वेग किंवा खोली बदलायला हवी, हा त्याचा अर्थ. वळण मोठं घ्यावं, नाहीतर दोरी सुकाणूत अडकते.

मासे कुठे असतात?

मोकळ्या पाण्यात कुठेही दोरी ओढत फिरण्यापेक्षा खडकाळ टोकं, पाण्याखालचे खडक आणि प्रवाहाच्या कडा शोधाव्यात. दोन प्रवाह भेटतात तिथे पाण्यावर फेसाची किंवा कचऱ्याची रेघ दिसते. अशा ठिकाणी छोटे मासे साठतात आणि त्यांच्या मागे मोठे येतात. कुरव आणि सुरय पक्षी एकाच जागी सूर मारत असतील तर खाली थवा असण्याची शक्यता मोठी. थव्याच्या मधून न जाता कडेने वल्हवावं, नाहीतर थवा खोल जातो.

मासा लागल्यावर काय करायचं?

रॉड नसल्यामुळे झटका सोसायला काहीच नसतं. म्हणून दोरी आणि होडी यांच्यामध्ये रबराचा फास किंवा ताणली जाणारी दोरी ठेवतात. मासा ओढतो तेव्हा आधी रबर ताणलं जातं, मग हलकी कयाकही थोडी ओढली जाते. या दोन्हींमुळे माशाचं तोंड फाटून तो निसटण्याची शक्यता कमी होते.

पुढचा क्रम साधा आहे. वल्हं होडीला बांधलेलं असावं, म्हणजे हात मोकळे करता येतात. दोरी हातोहात ओढावी, पण तळहाताभोवती गुंडाळू नये. ओढलेली दोरी पायांवर साठू देऊ नये. ती टोपलीत घ्यावी किंवा दुसऱ्या बाजूने पाण्यात सोडावी. मासा जवळ आल्यावर अंग बाहेर न झुकवता तो मांडीजवळ घ्यावा आणि लगेच मारावा. तडफडणारा मासा आणि सुटा गळ एकत्र ठेवू नये.

दोरी होडीला पक्की का बांधायची नाही?

या मासेमारीतला सगळ्यात मोठा धोका मासा नाही, खडक आहे. गळ तळाच्या खडकात अडकला आणि भरती-ओहोटीचा प्रवाह जोरात असला, तर कयाक क्षणात नांगरल्यासारखी अडकते. दोरी कडेला बांधलेली असेल तर होडी प्रवाहाला आडवी होते, एक कड दबते आणि ती उलटते. दोरी मनगटाला, कमरेला किंवा गुडघ्याला बांधलेली असेल तर उलटल्यावर माणूसच दोरीला अडकतो.

कयाकचा जन्म ज्यांच्या हातून झाला, त्या आर्क्टिकमधल्या इनुइट शिकाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. ते कयाकमधून सीलवर भाला फेकत. भाल्याची दोरी मात्र कयाकला बांधलेली नसे. ती सीलच्या कातडीत हवा भरून केलेल्या फुग्याला जोडलेली असे. सीलला भाला लागला की शिकारी फुगा पाण्यात टाकून देई. जखमी सील फुग्याला ओढत दमे आणि कयाक सुरक्षित राही.

आजही तोच नियम लागू आहे. दोरी एका ओढीत सुटेल अशा गाठीने किंवा खाचेत अडकवावी. सुटल्यावर तरंगणारी चौकट दोरीसकट पाण्यात राहते, ती नंतर उचलता येते. छातीजवळ एका हाताने निघेल असा चाकू आणि गळ तोडायचा कटर असावा. प्रवाह जोराचा असेल तिथे दोरी सोडूच नये. दोरी की तोल असा प्रश्न आला तर दोरी कापावी. दहा मीटर तंगूस आणि एक गळ यांची किंमत फारशी नसते.

पकडलेला मासा खराब का होतो?

बांगडा, मॅकरेल, सुरमई, कुपा हे एकाच कुळातले मासे. यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा उन्हात राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. असा मासा खाल्ला की तोंड लाल होणं, अंगावर गांधी येणं, डोकं दुखणं, उलटी असे त्रास होऊ शकतात. एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून किंवा तळून जात नाही. म्हणून मासा लगेच मारून, रक्त काढून बर्फात ठेवावा. बर्फ नसेल तर ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवून लवकर परतावं. कयाकवर कडेला दिवसभर लटकवलेला मासा फोटोत छान दिसतो, पण खायला धोक्याचा.

कोकणात हे करता येईल का?

गळाने मासे पकडणं, म्हणजे गरवणं, कोकणाला नवीन नाही. खडकांवरून आणि होडीतून गरवणारे किनाऱ्यावर सगळीकडे दिसतात. तारकर्ली, मालवण आणि गोव्यात कयाकही मिळतात. बांगडा, सुरमई, मोडुसा, तांबोशी, गोबरा हे आमिषावर येणारे मासे इथे आहेत. पण कॉर्नवॉलची पद्धत जशीच्या तशी उचलून चालत नाही.

पहिला फरक दातांचा. सुरमईचे दात तंगूस सहज कापतात, म्हणून गळाच्या वर वीतभर पोलादी तार लावतात. शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाच्या शेपटीचा काटा विषारी असतात. असा मासा आला तर होडीत न घेता दोरी कापणं बरं.

दुसरा फरक वाऱ्याचा. पावसाळा सोडला तर कोकणात रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात. पहाटेचा वारा कयाकला नकळत बाहेर ढकलतो, आणि दुपारी लाटा उठतात. सकाळी लवकर निघून ऊन चढायच्या आत परतणं सोयीचं. किनाऱ्यापासूनचं अंतर सतत तपासावं. जूनपासूनच्या पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात कयाक नेऊ नये.

तिसरा फरक भरती-ओहोटीचा. मुंबईजवळ उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. गोव्याकडे हा फरक साधारण निम्मा असतो. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा प्रवाह वल्ह्याला दाद देत नाही. तिथे, विशेषतः अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, दोरी सोडू नये.

नियम काय सांगतात?

महाराष्ट्रात सागरी मासेमारी १९८१च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली चालते. १ जून ते ३१ जुलै हा माशांच्या प्रजननाचा काळ मानून यांत्रिक नौकांना बंदी असते. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना तिच्यातून सूट आहे, पण समुद्राचा धोका कोणालाच सूट देत नाही. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं. त्याहून लहान मासा सोडून द्यावा लागतो. ब्रिटनमध्येही मॅकरेल किमान २० सेंटीमीटर, आणि उत्तर समुद्रात ३० सेंटीमीटर असावा लागतो.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. त्याचं क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्याचा गाभा मानला जातो. कयाक भाड्याने मिळते म्हणजे तिथे मासेमारीची परवानगी आहे असं नाही. जाण्याआधी स्थानिक मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि गावच्या मच्छीमारांकडे विचारावं. लावलेल्या जाळ्यांपासून दूर राहावं. त्यांच्यावरून दोरी ओढली तर कुणाचं तरी जाळं फाटतं.

पहिल्यांदा निघताना

• लाइफ जॅकेट अंगात घालून बांधलेलं हवं, होडीत ठेवलेलं नको.

• उलटलेल्या कयाकवर पुन्हा चढण्याचा सराव दोरी हातात घेण्याआधी किनाऱ्याजवळ करावा.

• हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेचा लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज पाहावा.

• कुठे जाणार आणि किती वाजता परतणार, हे किनाऱ्यावर कुणाला तरी सांगून निघावं.

• फोन जलरोधक पिशवीत, अंगाला बांधलेला असावा. समुद्रात अडकल्यास तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे.

• एकट्याने जाऊ नये. दोन कयाक असतील तर एकजण दोरी सांभाळतो तेव्हा दुसरा पाण्यावर आणि वाऱ्यावर नजर ठेवू शकतो.

• पहिल्या दिवशी एकच दोरी आणि एकच गळ घ्यावा. मासा नाही मिळाला तरी दोरी एका हाताने सोडायची सवय मात्र त्याच दिवशी लागायला हवी.